गोल्डफिशच्या अंड्यांसाठी मॉप, ब्रश की काथ्याची चटई?

गोल्डफिशच्या मादीला अंडी घालायला बाजारात मिळणारा लोकरीच्या धाग्यांचा मॉप लागत नाही. पाणी तापलं, पोट भरलं आणि नर मागे लागले की ती समोर येईल त्यावर अंडी टाकते: शेवाळावर, कमळाच्या कुंडीच्या काठावर, पंपाच्या वायरवर, तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या लायनरच्या सुरकुतीत. म्हणून पाकिटावर ‘मासे हमखास अंडी घालतात’ असं छापलेलं असलं तरी त्याचं श्रेय पाकिटातल्या वस्तूला नाही. पैसे मोजायचे ते वेगळ्याच कामासाठी. पाठलाग संपला की तेच मासे अंडी टिपून खायला लागतात, कधी कधी तर पाठलाग चालू असतानाच. त्याआधी अंड्यांसकट ती वस्तू अलगद उचलून दुसऱ्या पाण्यात ठेवता आली पाहिजे. उचलताना अंडी गळली, धागे गुंतले, गाळ उडाला किंवा तारेने माशांची खवलं निघाली तर वस्तू नापास. मॉप, ब्रश आणि चटई या तिघांना इथे हीच कसोटी लावली आहे, आणि त्यांच्यासोबत विकल्या जाणाऱ्या जाळीच्या पिंजऱ्यालाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. घरामागच्या छोट्या तळ्यासाठी ॲक्रिलिक लोकरीचे गडद हिरवे मॉप, चार ते सहा नग. तळं मोठं असेल, मासे वीतभर किंवा त्याहून मोठे असतील, तर ब्रश. काथ्याची चटई फक्त त्यांनी घ्यावी ज्यांना अंडी मोजायची किंवा निवडायची नाहीत, नुसती भरपूर पिल्लं हवीत. जाळीचा पिंजरा अंड्यांसाठी घेऊ नका. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाल्यावर मात्र तो उपयोगी पडतो.

मॉप

मॉप म्हणजे लोकरीच्या धाग्यांचा झुबका. एका टोकाला धागे बांधलेले, तिथेच बुचाचा किंवा फोमचा तुकडा, खाली धागे मोकळे. चांगल्या मॉपमध्ये ३० सेंटीमीटर लांबीचे निदान ७०-८० धागे असतात. स्वस्तातल्या मॉपमध्ये ते तीस-चाळीसच निघतात. पाकिटात तो फुगलेला दिसतो, पाण्यात गेला की शेपटीसारखा बारीक होतो. अंडी मग दोन-चार धाग्यांवर घोसासारखी जमतात, आणि अंड्यांच्या घोसाला बुरशी सगळ्यात आधी लागते. एक अंडं मेलं की त्याला चिकटलेली शेजारची जिवंत अंडीही बुरशीखाली गुदमरतात. त्यामुळे धाग्यांची संख्या ही शोभेची बाब नाही.

धागा ॲक्रिलिक किंवा नायलॉनचा हवा. सुती धागा आठवडाभरात बुळबुळीत होतो आणि कुजायला लागतो, तर मेंढीच्या खऱ्या लोकरीला पाण्यात वास येतो. ओळखायला सोपं आहे: एक धागा कापून जाळून बघा. ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक काळा मणी होतो, सूत राख होऊन भुरभुरतं, खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो.

दुसरी तपासणी रंगाची. पांढऱ्या बादलीत चांगलं गरम पाणी घ्या, मॉप बुडवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाण्याला जराही छटा दिसली तर पाणी बदलून पुन्हा ठेवा. तिसऱ्या पाण्यातही रंग सुटत असेल तर तो मॉप परत करा. गडद रंगाचा आग्रह माशांसाठी नाही, आपल्या डोळ्यांसाठी आहे. ताजं अंडं फिकट मधाच्या रंगाचं, जवळजवळ पारदर्शक, जेमतेम दीड मिलिमीटरचं असतं. पिवळ्या किंवा पांढऱ्या लोकरीवर ते दिसतच नाही, काळपट हिरव्यावर दवाच्या थेंबासारखं उठून दिसतं. मेलेलं अंडं दुसऱ्या दिवशी पांढरं फटक होतं आणि चिमट्याने वेचता येतं.

बुचाचा तुकडा बहुतेक मॉपमध्ये लहान पडतो. लोकर पाणी पिऊन जड झाली की तासा-दोन तासांत अख्खा मॉप तळाशी बसतो आणि गाळात लोळतो. गाळ बसलेल्या धाग्यावर अंडं नीट चिकटत नाही, चिकटलं तरी त्याला प्राणवायू कमी मिळतो. फोमचा आणखी एक तुकडा बांधला की प्रश्न सुटतो. मात्र थर्माकोल वापरू नका, त्याचे दाणे सुटतात आणि मासे ते गिळतात.

उचलण्याच्या कसोटीवर मॉप अव्वल. खालून पसरट भांडं सरकवायचं, मॉप पाण्यासकट त्यात घ्यायचा, भांडं टबपर्यंत न्यायचं. सगळं मिळून मिनिटभराचं काम. अंडी पाण्याबाहेर क्षणभर आली तरी बिघडत नाही, उन्हात धरून मोजत बसलात तर बिघडतं.

ब्रश

हा बाटली धुण्याच्या ब्रशचा थोरला भाऊ. मधे पीळ दिलेली तार, भोवती प्लास्टिकचे केस, लांबी ५०-६० सेंटीमीटर, जाडी १५ सेंटीमीटरच्या आसपास. कोय माशांच्या फिल्टरमध्ये हेच ब्रश रांगेने टांगलेले असतात, आणि त्याच कारखान्यातला माल ‘स्पॉनिंग ब्रश’ म्हणून वेगळ्या पाकिटात येतो. फरक असतो तो केसांच्या मऊपणात. अंड्यांसाठीचा ब्रश तळहातावर दाबून ओढला तर टोचता कामा नये. फिल्टरचा ब्रश टोचतो. पाकिटावरच्या नावापेक्षा तळहातावर विश्वास ठेवा.

ब्रशचं बलस्थान म्हणजे अंडी सारखी पसरतात. केस ताठ असल्यामुळे एकमेकांना चिकटत नाहीत, मधून पाणी खेळतं, बुरशी कमी लागते. तो वर्षानुवर्षं टिकतो आणि पाण्याच्या फवाऱ्याने स्वच्छ होतो. शेवाळ धरलं तरी घासून निघतं. मॉपच्या धाग्यात एकदा तंतुमय शेवाळ शिरलं की तो फेकण्याच्याच लायकीचा उरतो.

उणीव तारेची. तार स्टेनलेस स्टीलची नसेल तर पहिल्याच हंगामात गंजते. लोहचुंबक लावून ठरवू नका, पिळलेल्या स्टेनलेस तारेलाही चुंबक थोडा ओढतो. ओल्या मिठात दोन दिवस टोक पुरून ठेवा, तांबूस डाग पडला की समजायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तारेची कापलेली टोकं. कित्येक ब्रशांना तिथे रबरी टोपी नसते, असली तर ती पाण्यात निसटते. पाठलागात नर मादीला ढकलत ढकलत ब्रशमधूनच नेतात, त्या जोरात उघडी तार खवलं सोलते. फुगीर डोळ्यांच्या टेलिस्कोप जातीत तर डोळाच जातो. टोकं पक्कडीने आत वळवून त्यावर मत्स्यटाकीला चालणारं सिलिकोन लावा, एक दिवस सुकू द्या, मगच ब्रश पाण्यात सोडा. एवढं काम ग्राहकाने करावं ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे, पण टोपीसकट नीट बंद केलेला ब्रश मिळेपर्यंत हे करणं भाग आहे.

ब्रश आपोआप तरंगत नाही. दोन्ही टोकांना दोरी बांधून काठाला समांतर, पाण्याखाली हाताच्या चार बोटांएवढा खोल टांगावा. उचलायला दोन हात लागतात आणि ठेवायला लांबट टब. गोल टबात ६० सेंटीमीटरचा ब्रश तिरका उभा राहतो आणि वरची अंडी पाण्याबाहेर येतात. खरेदीआधी टबाची लांबी मोजा.

काथ्याची चटई

झाडाच्या तंतूंच्या पट्ट्या दोन बांबूंमध्ये दाबून अंडी गोळा करण्याची पद्धत कार्प पाळणाऱ्यांची. इंडोनेशियात तिला काकाबान म्हणतात, आणि मत्स्यबीज केंद्रांत हाच शब्द इतरत्रही रुळला आहे. बाजारातली चटई ही त्याचीच सुटसुटीत आवृत्ती. अंडी धरण्याच्या बाबतीत तिचा हात कुणी धरणार नाही. पण काथ्या पाण्यात तांबूस रंग आणि टॅनिन सोडतो. वापरण्याआधी चार-पाच दिवस भिजत घालून रोज पाणी बदलावं लागतं. घाईने टाकलेली चटई तळ्याचं पाणी चहासारखं करते, आणि मासे बघण्याचा सगळा आनंद तिथेच संपतो. भिजली की ती जड होते, उचलताना वाकते, कडेची अंडी गळतात. आतल्या थरातली मेलेली अंडी दिसत नाहीत, वेचता येत नाहीत. दोन हंगामांपुढे ती टिकत नाही.

फुकटचा चौथा पर्यायही आहे: हायड्रिला, हॉर्नवर्ट, जलपर्णीची मुळं. माशांना विचारलं तर ते हेच निवडतील. अडचण अशी की झाडासोबत गोगलगाई, त्यांची अंडी आणि चतुराच्या अळ्याही टबात येतात. चतुराची एक अळी रोज कितीतरी पिल्लं फस्त करते, आणि टबात तिला प्रतिस्पर्धी नसतो. वनस्पती वापरायचीच असेल तर आधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून खळखळून धुवा. तरीही हातात भिंग घेऊन पानं चाळावी लागतातच.

कधी टाकायचा, कुठे टाकायचा

मॉपबद्दलच्या बहुतेक तक्रारी मॉपच्या नसतात, वेळेच्या असतात. महिनाभर आधी टाकलेला मॉप बुळबुळीत होतो, अंडी त्यावरून घरंगळतात, आणि मालक दुकानाला नावं ठेवतो. थंडी सरून पाणी सकाळच्या वेळी १८ अंशांच्या वर राहू लागलं की तयारी करावी. १८ ते २३ अंश हा अंड्यांचा खरा पट्टा. त्याच सुमारास नरांच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काडीवर पांढरे बारीक पुटकुळ्यांसारखे ठिपके उमटतात. नवखे लोक त्याला पांढऱ्या डागांचा रोग समजून औषध ओततात. रोगाचे ठिपके अंगभर, शेपटीवर, कसेही विखुरलेले असतात. नराचे ठिपके ठरलेल्या जागी आणि ओळीने असतात, आणि हात फिरवला तर खरखरीत लागतात. मादी वरून बघावी: पोट एका बाजूला जास्त फुगलेलं दिसतं.

ठिपके दिसले की मॉप टाका. नंतर पाव भाग पाणी बदला, नवं पाणी दोन अंश थंड असलं तर उत्तम, नळाचं असेल तर क्लोरीन घालवलेलं. पाऊस पडून गेल्यावर मासे अंडी घालतात यात रहस्य काही नाही, ताजं आणि किंचित गार पाणी त्यांना हंगामाची खूण देतं. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी पहाटेच सुरुवात होते.

जागा उथळ निवडा, २०-३० सेंटीमीटर खोलीची, सकाळचं ऊन जिथे आधी पोचतं ती कड. मॉप तळ्यात चारी बाजूंना विखरून टाकण्यापेक्षा जवळजवळ बांधा, म्हणजे झुडपासारखी गर्दी तयार होते. अर्धे पृष्ठभागावर तरंगते ठेवा, अर्ध्यांना छोटा गुळगुळीत दगड बांधून थोडं खाली सोडा. दोरी काठाला पक्की हवी, पाठलागाचा जोर मॉपला तळ्याच्या मध्यात नेतो.

एका मादीमागे दोन किंवा तीन नर पुरतात. चार-पाच नर आणि एकच मादी असेल तर मॉप कितीही चांगला असू दे, त्या दिवशी तो उपयोगाचा नाही. मादीला आधी वाचवा, तिला वेगळ्या टबात काढून तिच्यासोबत दोनच नर सोडा.

आता बघण्याचा भाग, कारण अर्धे लोक या सगळ्याच्या मागे त्यासाठीच लागतात. पहिल्या उजेडात पाणी चुबुक चुबुक वाजायला लागतं. मादी कडेकडेने पळते, नर तिच्या पोटाखाली आणि शेपटीजवळ नाक खुपसून ढकलत राहतात. मॉपपाशी आली की ती एका कुशीवर कलते, अंग थरथरवते, आणि एका झटक्यात दहा-वीस अंडी उडतात. नर त्याच क्षणी बाजूला घासतात आणि पाणी दुधाळ होतं. सगळं एका श्वासात संपतं, लगेच पुढची फेरी. हे दोन-तीन तास चालतं, कधी दुपारपर्यंत. लहान मादी काहीशे अंडी देते, मोठी हजारांनी. काठावर उभं राहायचं तर सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि पाय आपटू नका, एवढंच पथ्य. या वेळी त्यांना माणसाचं भान फारसं नसतं.

एक गोष्ट मात्र आधी करून ठेवा: धबधबा किंवा जोराचा पंप बंद करा, हवेचा पंप चालू ठेवा. नराचं वीर्य पाण्यात जेमतेम मिनिटभर काम करतं. जोराचा प्रवाह असेल तर ते अंड्यापर्यंत पोचण्याआधीच पांगतं. ‘मॉपवर अंडी भरपूर, पण सगळी पांढरी पडली’ या तक्रारीच्या मागे पुष्कळदा हाच धबधबा असतो.

उचलल्यावर

टब ५० ते १०० लिटरचा, पाणी १५-२० सेंटीमीटर खोल, आणि ते त्याच तळ्यातलं. तापमानात दोन अंशांहून जास्त फरक नको. जागा सावलीची, कारण उथळ टब दुपारी उन्हात काही तासांत अंडी शिजवून ठेवतो. एअर स्टोन, म्हणजे हवेच्या नळीच्या टोकाचा सच्छिद्र दगड, मंद, बुडबुडे मोजता येतील इतपत. मॉप झटकायचा नाही, पिळायचा तर नाहीच. धागे पसरून आडवे ठेवायचे. एका टबात अंड्यांनी भरलेले दोन मॉप पुरेत.

मॉपसोबत विकल्या जाणाऱ्या किटमध्ये मिथिलीन ब्लूची, म्हणजे बुरशी रोखणाऱ्या निळ्या औषधाची, बाटली असते ती इथे वापरायची, तळ्यात नाही. द्रावण १ टक्क्याचं असेल तर ५० लिटरला ५ मिलीलिटर. पाणी आकाशी होतं, पण त्यातून टबाचा तळ दिसत राहिला पाहिजे. तळ्यात ते ओतलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि वनस्पतीही. कित्येक बाटल्यांवर टक्केवारी छापलेलीच नसते, नुसतं ‘थेंब टाका’ असतं. अशी बाटली घेऊ नका, थेंब हे माप नव्हे.

पाणी २१ अंशांच्या आसपास असेल तर चार-पाच दिवसांत अंडी फुटतात, २५ अंशांना तीन दिवसांत, १५ अंशांना आठवडा उलटतो. थंडीत वेळ लागला तर अंडी बाद झाली असं समजून मॉप धुवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक धागा पांढऱ्या बशीत पाण्यासकट धरून भिंगाखाली बघा. आत दोन काळे टिंब म्हणजे डोळे. त्यानंतर अंड्यातल्या अंड्यात पिल्लू कूस बदलताना दिसतं: काही वेळ स्वस्थ, मग एकदम शेपटीचा हिसका, मग पुन्हा स्वस्थ.

फुटलेली पिल्लं म्हणजे काचेचा पाच मिलिमीटरचा धागा आणि त्याला दोन डोळे. ती पोहत नाहीत. डोक्यावरच्या चिकट ग्रंथीने मॉपला, टबाच्या भिंतीला लटकून दोन-तीन दिवस पोटातला बलक संपवतात. नेमक्या याच दिवसांत मॉप उचलायचा नाही. पिल्लं आडवी होऊन मोकळी पोहायला लागली की मगच मॉप पाण्यातच हळू हलवून बाहेर काढा. खाणं देणंही तेव्हाच सुरू करायचं, त्याआधी टाकलेलं कुजतं.

खाणं म्हणून किटमध्ये येणारी पिवळी पावडर बाजूला ठेवा, ती पाणी खराब करण्यात तरबेज आहे. तळ्याचं हिरवं पाणी पहिले दोन दिवस भागवतं. पुढे ताजा फुटलेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, ज्याची सुकी अंडी विकत मिळतात: लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम मीठ, २६ ते २८ अंश, जोराची हवा, उजेड, चोवीस तास. कवचं वर तरंगतात, पिल्लं खाली उजेडाकडे जमतात. ती नळीने काढून गाळून घ्या, कवचं टबात जाऊ देऊ नका. दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं. खाल्लेल्या पिल्लांचं पोट नारिंगी दिसतं, याहून सोपी खूण नाही. आर्टेमिया जमतच नसेल तर उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून, टाचणीच्या टोकावर राहील एवढाच. त्यानंतर तासाभरात तळाशी बसलेलं सगळं नळीने ओढून घ्यायचं. टबातलं १०-२० टक्के पाणी रोज बदला.

इकडे मोठ्या तळ्याला विसरू नका. अंडी घातल्यावर पाण्यावर फेस येतो, पाणी गढूळ होतं, मातकट वास मारतो. वीर्य आणि चिरडलेली अंडी कुजून अमोनिया चढतो, आणि दमलेल्या मादीला तो सोसत नाही. फेस जाळीने काढा, चौथा हिस्सा पाणी बदला, मॉप निघाल्याबरोबर पंप आणि फिल्टर पुन्हा चालू करा. पंपाच्या तोंडाला जाडसर स्पंज लावून घ्या, सुटलेल्या अंड्यांतून पुढे निघणारी पिल्लं नाहीतर थेट पंख्यात जातात. दोन दिवस माशांना खायला कमी टाका, अंडी खाऊन त्यांची पोटं भरलेलीच असतात.

जाळीचा पिंजरा

पीव्हीसी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेली जाळी, मत्स्यपालनातल्या हाप्याची, म्हणजे पाण्यात टांगलेल्या जाळीच्या पेटीची, घरगुती प्रतिकृती. जाहिरात सांगते: मॉप यात ठेवा, पिंजरा तळ्यात तरंगू द्या, वेगळ्या टबाची गरजच नाही. कागदावर बेत फक्कड आहे.

प्रत्यक्षात जाळीचं भोक ठरवतं. मच्छरदाणीच्या कापडातून नुकती फुटलेली पिल्लं सहज निसटतात. ती पाच मिलिमीटर लांब असली तरी सुतासारखी बारीक असतात, आणि बाहेर मोठे मासे जाळीला तोंड लावून उभे असतात. अर्ध्या मिलिमीटरची जाळी पिल्लं अडवते, पण तीन-चार दिवसांत शेवाळाने बुजते. पाणी आत-बाहेर खेळणं थांबतं आणि पहाटे आतला प्राणवायू घसरतो. रोज बाहेरून मऊ ब्रश फिरवायची तयारी असेल तरच हे निभतं. शिवाय तळ्याचं पाणी म्हटलं की पाठीवर पोहणारे किडे आणि चतुर आलेच. वरून झाकण नसलेला पिंजरा त्यांच्यासाठी जेवणाचा डबा आहे.

पिल्लं सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची झाली की मात्र याच पिंजऱ्याला एक-दोन मिलिमीटरची जाळी लावून ती तळ्यात वाढवावीत. तळ्याच्या पाण्यात टबापेक्षा वाढ झपाट्याने होते आणि पाणी बदलण्याचा जाच संपतो. सांगाडा घेताना नळ्यांना भोकं आहेत का बघा. भोकं नसतील आणि सांधे घट्ट असतील तर तो तरंगतो, नाहीतर हळूहळू पाणी शिरून एक कोपरा बुडतो आणि त्याच कोपऱ्यातून सगळं दळभार बाहेर.

विक्रेत्यांच्या चित्रांत पिल्लं केशरी दाखवतात. ती तशी निघत नाहीत. सगळी आधी शेवाळी-तपकिरी असतात, रानटी पूर्वजांसारखी. आठ ते बारा आठवड्यांनी अंग काळपट होतं आणि मग पोटाकडून सोनेरी रंग वर चढतो. पाणी थंड असेल तर याला जास्त वेळ लागतो, काही तर कायमची तपकिरीच राहतात. त्याच तळ्यात कोय असतील तर न बदलणाऱ्या पिल्लांत संकरही असू शकतो, कोय त्याच मॉपवर त्याच हंगामात अंडी घालतात. एका हंगामातली सगळी पिल्लं वाढवायला कुठलंही घरगुती तळं पुरत नाही, तेव्हा अंडी असतानाच किती मॉप उचलायचे ते ठरवा. बाकीचे तळ्यातच राहू द्या, मासे हिशोब चुकता करतात. उरलेली पिल्लं ओढ्यात किंवा तलावात सोडायची नाहीत. गोल्डफिश तिथे तगतो, गाळ उकरून पाणी गढूळ करतो आणि तिथल्या माशांचं खाणं संपवतो.

हंगाम संपल्यावर मॉप गरम पाण्यात अर्धा तास बुडवून, धागे बोटांनी विंचरून, कडक उन्हात वाळवा. साबण लावू नका, लोकरीतून तो पूर्ण निघत नाही. मिथिलीन ब्लूचा निळा डाग राहिला तर राहू द्या. वाळलेल्या धाग्यांवर अंड्यांची रिकामी टरफलं कोंड्यासारखी चिकटलेली दिसतील, ती झटकली की पडतात. झटकूनही न पडणारे पांढरे गोळे म्हणजे बुरशीचे. तेवढे धागे मुळापासून कापून टाका, आणि धागे पन्नासच्या खाली गेले की तो मॉप बाद.